भोंग्यावरची खिरापत

"कचऱ्याच्या गाडीवर भुलाबाई? डोस्कं फिरलं का रे तुमचं?" बयनाबाईने पहिल्या संध्याकाळी लखनला असं झापलं, की तो बापडा गाडीतून खाली उतरायलाच तयार होईना.

लखन नगरपालिकेचा ड्रायव्हर. रोज सकाळी भोंगा वाजवत मावळतीकडच्या वस्तीतून कचरा मागत फिरायचा. कोरोनाच्या त्या वर्षी माणसांना एकत्र जमायची बंदी आली, तेव्हा नगरपालिकेने ठरवलं, की लोकांनी भुलाबाईच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला यायचं नाही, कार्यक्रमच लोकांच्या दारी न्यायचा. गाड्या धुऊन झेंडूच्या माळा बांधल्या. गाडीवर एकाच बाईने माईक धरायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या गच्चीवरून साथ द्यायची.

सगळी गाणी पाठ असलेली बयनाबाई नाक मुरडतच गाडीवर चढली. शेजारी भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती ठेवल्या. गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि थांबली. वरून साथ आली. या गच्चीवरून, त्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीमागून, पार कडेच्या घरांपर्यंत. वस्तीतल्या तेलुगू बायकांना शब्द ठाऊक नव्हते, पण त्यांनी आपल्या बतुकम्माच्या सणातल्या टाळीचा ठेका धरला. बयनाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. भाजी विकून विकून घोगरा झालेला आपला गळा, आणि त्याला सारं आभाळ ओ देतंय! त्या दिवसापासून ती कचऱ्याच्या गाडीला पाया पडून वर चढू लागली.

त्या साथीत भागाबाईचा आवाजही असायचा. भागाबाई शेजारीण, मैत्रीण, आणि खिरापतीच्या बाबतीत पक्की वैरीण. गाणी संपली की बंद डब्यातला खाऊ वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा, ही भुलाबाईची रीत. वासावरून कोणीही ओळखेल. भागाबाई नुसत्या आवाजावरून ओळखायची. बयनाबाईने डब्यात फडकी कोंबून पाहिली, खारका कापसात गुंडाळून पाहिल्या. भागाबाई कान टवकारायची आणि नाव सांगून मोकळी व्हायची. खिरापतीचा पहिला घास ओळखणारीचा. तिने खाल्ल्याशिवाय दुसऱ्या कोणी तोंडात टाकायचं नाही. वर्षानुवर्षं तो घास भागाबाईच खात आली होती, तोही बयनाबाईला दाखवून दाखवून.

कोजागिरी जवळ आली आणि भागाबाईलाच कोरोनाने धरलं. तिला गावाच्या टोकाला, कोरोनाच्या रुग्णांसाठी घेतलेल्या वसतिगृहात नेलं. ताप उतरला, पण वास गेला, चव गेली, आणि बाईने अन्नावरची वासनाच सोडली. तिची सून सपना रोज फाटकावर डबा देऊन यायची आणि भरलेलाच परत आणायची.

"मातीवानी लागते म्हंते," सपना ओट्याखालून सांगत होती. "डॉक्टर म्हंते, खाल्लं नाई तं काई खरं नाई. पर थे खिडकीतबी येत नाई, मावशी. भितीकडं तोंड करून पडून राह्यते."

बयनाबाई अशी कोणाला बधणारी बाई नव्हे, पण भागीशिवाय खिरापत कोणासाठी लपवायची, हे तिला सुचेना.

कोजागिरीच्या संध्याकाळी ती लखनला म्हणाली, "आज गाडी वसतिगृहाकडं घे."

"मावशी, तिकडची परवानगी नाई."

"मंग इचार ना! काऊन बसून राह्यला?"

लखनने साहेबांना फोन लावला. कंपाउंडच्या बाहेर थांबायचं, या अटीवर साहेब हो म्हणाले. बयनाबाई घाईघाईने घरात गेली. खिरापत काय आहे हे आपल्या सुनेलाही कळू नये म्हणून तिने गूळफुटाण्यांचा डबा पोत्यांमागे दडवला होता. अंधारात हात घालून डबा ओढला, पदराखाली झाकला आणि गाडीत बसली.

वसतिगृहासमोर तिने गायला सुरुवात केली. एकेका खिडकीत माणसं आली. अंगात त्राण नसलेली, तोंड बांधलेली माणसं, पण टाळ्या वाजवत होती. समोरच्या वस्तीतल्या गच्च्याही भरल्या. दुसऱ्या मजल्यावरची भागाबाईची कोपऱ्यातली खिडकी मात्र रिकामीच होती.

गाणी संपली. बयनाबाईने डबा माईकजवळ धरला आणि हलवला. भोंग्यातून खसखस असा मऊ, दबका आवाज निघाला. फुटाणे असे कसे वाजतात, तिला कळेना. भोंग्याचाच दोष असेल म्हणून तिने अजून जोरात हलवला.

"मुरमुरे!" एका गच्चीवरून आलं.

"लाह्या!"

"अटुकुलु!" एका तेलुगू बाईने पोह्यांवर पैज लावली.

बयनाबाई कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहून डबा हलवत राहिली. हात भरून आले. शेवटी तिने माईक तोंडाशी धरला. "भागे, ओळख ना वं. हारली का?"

मग खिडकीच्या गजांना दोन हात दिसले. मागून एक वाळलेला चेहरा वर आला.

"सरकी हाये थे!" आवाज चिरका होता, पण खणखणीत. "अन थे बी जुनी! मले सरकी चारतं का वं बयने? मी का म्हैस हाओ?"

बयनाबाईने झाकण उघडलं. आत म्हशीसाठी ठेवलेली सरकी होती. फुटाण्यांचा डबा पोत्यांमागेच राहिला होता. दुसऱ्या मजल्यावरून, आजारातून उठलेल्या कानांनी, नगरपालिकेच्या फाटक्या भोंग्यातून भागीने सरकी ओळखली होती. बयनाबाई त्या खिडकीकडे देवळातल्या देवीकडे पाहावं तशी पाहतच राहिली.

खिडक्यांमधून हसू फुटलं, गच्च्यांवर पसरलं. खोकणारी माणसंही हसत होती.

"हासता काऊन?" भागाबाई वरून गरजली. "ओळखलं ना म्या? मंग खरी खिरापत धाडा! पयला घास माहा हाये. अन लवकर धाडा, भूक लागली मले."

फुटाणे आणायला लखनने गाडी चालू केली. बयनाबाई सरकीचा डबा पोटाशी धरून हुंदके देऊन रडत होती, आणि माईक बंद करायचा तिला सुचलंच नाही. सगळ्या वस्तीने तिचं रडणं ऐकलं. त्या रात्री भागाबाईने फुटाणे खाल्ल्याचा निरोप येईपर्यंत कोणत्याही गच्चीवर कोणी खिरापतीला हात लावला नाही.