सत्तेचाळीस नंबरचा चिखल्या

बेटाच्या टोकाशी पक्षीबाबांनी घंटा वाजवली आणि बघता बघता चिखलावर विखुरलेले शेकडो पक्षी उडून समोरच्या काळ्या खडकावर येऊन बसले. गर्दीने हात जोडले. समुद्रात बुडालेली माणसं थंडीत पक्षी होऊन परततात, असं बाबांचं म्हणणं. मात्र घंटा त्यांच्याच हातची हवी, दुसऱ्याची ऐकू जात नाही म्हणे. मेल्यावर माणसाचे कान इतके चोखंदळ कसे होतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मागे मास्तरीणबाई गळ्यात दुर्बीण अडकवून उभ्या होत्या. वीस वर्षं त्या दर हिवाळ्यात इथले पक्षी मोजत आल्या होत्या. पुढे गुडघाभर गार पाण्यात उभी होती त्यांची सून. दोन वर्षांपूर्वी बाईंचा मुलगा होडीसकट बुडाला होता. खडकावरच्या एका चिखल्या पक्ष्याच्या पायात पांढरी कडी होती. तो चिखल्या म्हणजेच तुझा नवरा, असं बाबांनी सुनेला सांगून टाकलं. रोज पाण्यात उभी राहा, औषध सोड, नाहीतर तो फिरकणार नाही. डॉक्टरांनी तिला न्यूमोनिया सांगितला होता आणि गोळ्या उशाशी तशाच पडून होत्या.

सहा दिवस बाई गप्प राहिल्या. घंटेचं इंगित त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याही त्या कडीकडे टक लावून बसायच्या. आईचं मन, दुसरं काय.

सातव्या दिवशी सुनेच्या रुमालावर रक्त दिसलं. बाई तडक पुढे गेल्या आणि त्यांनी घंटेचा लोलक मुठीत धरला.

आत्मे कोपतील, एकही पाखरू येणार नाही, म्हणून बाबांनी आकांडतांडव केलं. बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पाणी चढलं, चिखल बुडाला आणि पक्षी रोजच्यासारखे खडकावर येऊन बसले. घंटा मुकी होती.

मग बाईंनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. ओहोटीला पक्षी चिखलात किडे टिपतात. भरतीत कोरडा उरतो तो हा एवढाच खडक. भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते, म्हणून बाबांचा मुहूर्तही रोज तेवढाच पुढे सरकतो. कुणीतरी बाबांची झोळी उलटी केली, तर आतून बंदरावरचं भरतीचं वेळापत्रक निघालं.

सून मात्र पाण्यातून हलली नाही. "आई, पण ती कडी?"

"मीच घातली, सात वर्षांपूर्वी. नंबर सत्तेचाळीस. दुर्बिणीतून बघ."

बाईंनी पक्ष्यांच्या नोंदवहीचं जुनं पान तिच्यासमोर धरलं. नंबर, तारीख, आणि खाली मुलाचं तिरकं अक्षर: पक्षी मी धरला, आईने कडी घातली, मला चोच बसली.

सुनेने अक्षर ओळखलं. "म्हणजे तो येत नाही?"

"नाही गं पोरी. पक्षी येतो. तो येत नाही." बाईंना रडू आवरेना. "मलाही हवा होता तो. म्हणून गप्प बसले आणि तुला पाण्यात उभं राहू दिलं. चुकलं माझं."

गर्दीत समुद्राने माणसं नेलेली घरं पुष्कळ होती. त्यांच्याकडे वळून बाई म्हणाल्या, रडायचं तेवढं रडा, पण घंटा न वाजवता काय होतं ते आधी बघा, आणि आजारी माणसाचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका.

मग सुनेला शाल गुंडाळून त्या दवाखान्याकडे निघाल्या. वही सुनेने छातीशी धरली होती. अर्ध्या वाटेवर तिने हळूच विचारलं, "चोच कुठल्या बोटाला बसली हो, आई?"

"उजव्या करंगळीला."