हरिचंदशेठच्या चूर्णाची चाल

दोन हजार एक साली वसमतच्या केबलवरच्या जाहिराती मी करायचो. दुकानाचा फोटो, वर माझा आवाज, मागं सिनेमाचं गाणं. मग केबलच्या मालकाला कुण्या कंपनीची नोटीस आली, की आमची गाणी विचारल्याशिवाय वाजवू नका. मालकानं ती दोनदा वाचली, घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली आणि म्हणाला, "आजपासून गाणं फुकटातलं. अन् कुणाच्याच मालकीचं नसलेलं."

तेव्हा हातात हरिचंदशेठच्या पोट साफ करायच्या चूर्णाची जाहिरात होती. तांड्यावरच्या प्रेमदासला होळीचं गाणं मागितलं. "जाहिरात कशाची हाय?" त्यानं विचारलं. मी खरं सांगितलं. त्यानं चहा पाजला आणि मला एसटीत बसवून दिलं.

म्हणून आमच्या गल्लीतल्या विश्वंभरकाकांना मी अर्धंच सांगितलं. काका तीस वर्षं मंदिरात सकाळची भूपाळी म्हणत होते. चाल त्यांची स्वतःची. जन्मात केलेली तेवढी एकच.

"कशाची जाहिरात रे अनिरुद्धा?"

"सकाळच्या उपयोगाची वस्तू आहे, काका."

"मग बराबर आहे. शब्द देवाचे, ते देणार न्हाई. चाल ने."

पेटीसुद्धा त्यांनीच वाजवली. शब्द मी घातले: एक चमचा, कोमट पाणी, झोपताना घ्या हो, झोपताना घ्या. जाहिरात दिवसातून चौदा वेळा लागायची.

पंधरा दिवसांनी काका ऑफिसात आले आणि पाणीही न मागता बसले.

"आज दुसऱ्या कडव्याला चौघं उठून गेले."

"काम असेल, काका."

"काम होतंच. पळत गेले. पुजारी म्हणतो, उद्यापासून जरा सावकाश म्हणा."

मला हसू येत होतं. काकांना येत नव्हतं.

"आज मीच म्हणता म्हणता कोमट पाणी म्हणून गेलो. देवासमोर." ते टेबलाकडं बघत राहिले. "माझी चाल मला परत आणून दे."

मी हरिचंदशेठकडं गेलो.

"काहून बंद करू?" शेठ म्हणाला. "गिऱ्हाईक चूर्णाचं नाव विसरून राहिलं, पण चाल म्हणून दाखवतंय अन् डबी घेऊन जातंय. दुसरी फुकट चाल आण, उद्या बदलतो."

दुसरी मिळेना. पार हट्टा गावापर्यंत जाऊन आलो. भजनी मंडळ, बँडवाले, पाळणे म्हणणाऱ्या जिवनबाई, सगळ्यांचा आता पहिला प्रश्न एकच होता, जाहिरात कशाची, आणि उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. थकून काकांना येऊन सांगितलं.

"मग चूर्णाला मीच एक करून देतो," काका म्हणाले. "अशी वाईट करतो, की त्याचं दुकानच बसलं पाहिजे."

चौथ्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. काकांनी पेटी ओढली आणि नुसती चाल गुणगुणली. संपली तेव्हा लक्षात आलं, मी बटण दाबलंच नव्हतं.

"कशी आहे?"

"वाईट न्हाई झाली, काका."

"व्हय ना. तीन दिवस वाईट करून राहिलोय, जमंना." त्यांनी पेटी मिटून बाजूला सरकवली. "ही देत न्हाई."

"मग जुनी?"

"राहू दे शेठकडं. माझ्या तोंडात तिचे शब्द आता येतच न्हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंदिरात मागं जाऊन बसलो. नव्या चालीत जुने शब्द मावत नव्हते. देवाचं नाव काकांना दोनदा ताणावं लागलं. एक जण चुकीच्या जागी टाळ वाजवून गप्प झाला. पण दुसरं कडवं आलं, गेलं, कुणी उठलं नाही.

तिसऱ्या कडव्याला समोरच्या घरात टीव्ही लागला आणि माझ्याच आवाजात कोमट पाणी सुरू झालं. काकांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला. पळत जाऊन तो टीव्ही बंद करावा असं मला फार वाटलं. पण आत्ता उठलो असतो, तर काकांना वाटलं असतं, हाही चालला.

म्हणून बसून राहिलो.