चोकच्या लाईनवरची खंडेनवमी

माझं तोंड मोठं आहे हे अख्ख्या सातपूर एमआयडीसीला माहीत आहे, त्यामुळे मी ते लपवायच्या भानगडीत पडत नाही. मखमलाबादच्या मळ्यात वाढले मी. तिथे पाटाच्या पाण्यावरून या बांधावरची बाई त्या बांधावरच्या बाईशी भांडते, हळू बोलून भागत नाही. लग्नानंतरही मळाच नशिबी आला. नवरा, गोरक्ष, झेंडू आणि कोथिंबीर पिकवतो आणि मी कंपनीत ट्यूबलाइटचे चोक बनवते. म्हणजे मशीनवर तांब्याची तार गुंडाळायची, गुंडाळी उतरवायची आणि पुढे सरकवायची. लाईनवर सगळ्या बायकाच. तार बारीक, बायकांचा हात हलका, असं आमचे शेठ कौतुकानं सांगायचे. पगारही हलका, ते मात्र सांगायचे नाहीत.

तर गोष्ट कमिटीची. त्या दिवसांत कोर्टाचा निकाल आला होता. बायका कामाला असतील तिथे त्यांच्यावर कोणी वाईट नजर टाकली, हात टाकला, तर ते ऐकायला कमिटी पाहिजे, अध्यक्ष बाईच पाहिजे, आणि बाहेरच्या संस्थेचं एक माणूस पाहिजे. निकाल लागला दिल्लीत, त्याला सातपूरपर्यंत यायला दोन-तीन वर्षं लागली. आणला तो साधनाताईंनी. गंगापूर रोडला त्यांची संस्था. लूनावरून यायच्या आणि शिफ्ट सुटताना गेटवर पत्रकं वाटायच्या. आमच्या वॉचमनला, रावजीला, वाटलं पापड-मसाले विकणाऱ्या आहेत. इथे विक्रीला बंदी आहे म्हणून तो त्यांना हाकलायला गेला. ताईंनी त्यालाच एक पत्रक दिलं आणि विचारलं, तुमची मुलगी कुठे कामाला जाते का? जात होती. त्या दिवसापासून रावजी त्यांना स्वतःच्या केबिनच्या सावलीत उभं करायला लागला.

ताईंनी शेठकडे इतक्या खेपा घातल्या, की शेवटी शेठ थकले आणि कमिटी झाली. अध्यक्ष अकाउंट्सच्या मॅडम, बाहेरच्या म्हणून साधनाताई, कामगारांतून मी. चौथे पर्सनलचे, म्हणजे कामगारांची भरती-हजेरी बघणाऱ्या खात्याचे साहेब. त्यांनी पाचवं नाव सुचवलं ते आमच्या लाईनच्या सुपरवायझरचं, ललित साहेबांचं. का, तर त्यांना बायकांमध्ये काम करायचा दांडगा अनुभव आहे. मी एवढ्यानं हसले, की ते नाव तिथल्या तिथे गळालं.

मग दर तीन महिन्यांनी मीटिंग. चहा, क्रीमची बिस्किटं आणि एकही तक्रार नाही. पर्सनलचे साहेब म्हणाले, आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे. साधनाताई बिस्किटाला हात न लावता म्हणाल्या, "घरी तरी बायका कुठे तक्रार करतात?" मॅडमना चहाचा ठसका लागला.

आता ललित साहेबांचं सांगते. माणूस देवभोळा. सकाळी आल्या आल्या मशीनला नमस्कार करणार, कपाळाला अष्टगंध, बोलणं लोण्यासारखं. पण पोरगी नवी आली, की तिच्या स्टुलामागे उभं राहून तिचा हात हातात घेऊन शिकवणार. तारेचा ताण बोटांना कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला शिकवायला आले होते सुरुवातीला. मी सगळ्या लाईनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, साहेब, जरा लांबून सांगा, उकडतंय. त्यानंतर हा बाबा माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही. माझं मशीन लाईनच्या पार शेवटी, टेस्टिंगच्या टेबलापाशी. दाराकडे काय चाललंय ते तिथून दिसत नाही.

दाराजवळचं मशीन मोहिनीचं. पेठकडची पोर, आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. तिचे आईवडील, मंगळूबाबा आणि चिमणाबाई, पावसाळ्यात भात-नागली करायचे. दिवाळी झाली की घराला कडी घालून, धाकट्या पोरांना घेऊन दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरायचे, ते उन्हाळ्यापर्यंत पालात राहायचे. पोरांची शाळा बुडायची. मोहिनीचं ठरलं होतं. दिवाळीला पर्मनंट झालं की सातपूरला खोली घ्यायची, भावंडांना इथल्या शाळेत घालायचं, आईबापाला खाली उतरू द्यायचं नाही. दिवसातून दोनदा सांगायची, आम्हाला ते पाठ झालं होतं. आणि पर्मनंट होणं होतं सुपरवायझरच्या शेऱ्यावर.

ही बडबडी पोरगी एकदम मुकी झाली. ऑक्टोबरच्या उकाड्यात ॲप्रनवर ओढणी, ओढणीवर पिना. मी बसस्टॉपवर गाठली आणि काय झालंय ते विचारलं. आधी काही नाही म्हणाली, मग थोडक्यात सांगितलं. साहेब रोज शिकवतात. काम येतं आता मला, म्हटलं तरी शिकवतात. शेरा चांगला पाहिजे ना, म्हणतात. हात कुठे कुठे जातो ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझं डोकं असं सणकलं, की माझी बस निघून गेली तरी मला पत्ता नाही. सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन साधनाताईंकडे गेले. तक्रार दिली, कमिटी बसली. ललित साहेबांचे डोळे पाणावले. लेकीसारखं शिकवतो आणि त्याचं हे फळ, म्हणाले. पर्सनलच्या साहेबांनी विचारलं, कोणी पाहिलंय का? मोहिनीच्या शेजारचं मशीन कुसाबाईंचं, लाईनवरच्या सगळ्यांत जुन्या त्या, ललित साहेबांच्या बरोबरीनं लागलेल्या. बोलावलं त्यांना. जमिनीकडे बघत म्हणाल्या, मी मान खाली घालून काम करते, मला काय दिसायचं. बाकीच्याही तारेकडेच बघत होत्या म्हणे. मग मॅडमनी सांगितलं, पुढची मीटिंग दसऱ्यानंतर. शेरा जायचा होता दिवाळीच्या आधी, आणि तो ललित साहेबच देणार होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लाईनला यथेच्छ झोडपलं. एरवी डब्यातल्या भाजीवरून तासभर बोलता, आता जिभेला काय झालं? कोणी वर बघेना. कुसाबाई तर अर्धा डबा तसाच झाकून उठल्या. साधनाताईंना सांगितलं तर मलाच म्हणाल्या, "दीपमाला, ओरडल्यानं कोणाचं तोंड उघडत नसतं." मला असा राग आला, की पुढचे दोन दिवस मी त्यांचा फोनसुद्धा घेतला नाही. आणि मोहिनी मला विचारते, ताई, तक्रार मागे घेऊ का?  

तशात आली खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मशीन बंद, पंखे बंद, आणि मशीनची पूजा. शेठ घरच्यांना घेऊन येतात, पेढे वाटतात. आमच्याकडची रीत अशी, की लाईनचा सुपरवायझर एकेका मशीनला हळद-कुंकू लावणार, हार घालणार, नारळ फोडणार, आणि पूजेचं ताट धरणार सगळ्यांत नवी पोरगी. म्हणजे मोहिनी. मी म्हटलं, ताट मी धरते, तू मागे थांब. ती म्हणाली, नको ताई, रीत आहे तर रीत.

हार आमच्याच मळ्यातले, गोरक्षनं पहाटे पाट्या आणून टाकलेल्या. शेठ-शेठाणी आले. कमिटीच्या म्हणून साधनाताईंनाही बोलावणं होतं, त्या पाण्याच्या पिंपापाशी उभ्या. ललित साहेब रेशमी झब्ब्यात. पहिलं मशीन दाराजवळचं. साहेबांनी कुंकवाला बोट नेलं आणि मोहिनीनं ताट मागे घेतलं. ते हसले, पुन्हा हात पुढे केला. तिनं पुन्हा मागे घेतलं. निरांजनाची ज्योत हलत होती. आवाज मात्र सरळ आला.

"माझ्या मशीनला यांचा हात नको."

कोणाला काही कळेना. शेठनी आपल्या परीनं अर्थ लावला. म्हणाले, अहो ललित, सुतक आहे का तुम्हाला? मग आधी सांगायचं ना. बुडत्याला एवढं पुरलं. ललित साहेब झटकन म्हणाले, हो शेठ, आमचे एक लांबचे चुलते गेले. तर शेठ उलटे भडकले, सुतकात सकाळी गेटला तोरण कसं बांधलंत, देवाच्या फोटोला हार कसा घातलात? आता हसावं की रडावं मला कळेना. मी तोंड उघडणार तेवढ्यात साधनाताईंनी नुसत्या डोळ्यांनी मला गप्प केलं.

आणि शेजारून कुसाबाई बोलल्या. त्यांनी आपल्या मशीनवर तळहात ठेवला होता, गरम तव्यापासून पोराला लांब ठेवायला मधे धरावा तसा.

"सुतक नाय, शेठ. माझ्याबी मशीनला नको."

त्यांच्या पलीकडे अंबूबाई. तिनं नुसता मशीनवर हात ठेवला. मग तिच्या पलीकडची, मग तिच्या. कोणी माझ्याही म्हणत होती, कोणी नुसतीच मान हलवत होती. दारापासून सुरू झालेलं ते माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला रडू फुटलं होतं, तरी मी ठेवला हात. शेठ तोंड उघडं टाकून बघत राहिले. शेठाणींना मात्र आमच्या आधी कळलं असावं. त्यांनी मोहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुझ्या मशीनला तूच लाव ग कुंकू. मग ज्या त्या बाईनं आपापल्या मशीनची पूजा केली. नारळ फोडताना अंबूबाईनं फरशीचा टवका उडवला.

पुढचं सांगून टाकते. ललित साहेब पुन्हा लाईनवर आले नाहीत. चौकशी पुरी झाल्यावर त्यांना काढलं. मोहिनी दिवाळीला पर्मनंट झाली आणि मंगळूबाबा-चिमणाबाई त्या साली दिंडोरीला उतरले नाहीत. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

साधनाताईंनी कमिटी तिथेच कॅन्टीनमध्ये बसवली, दसरा होऊ द्या वगैरे काही ऐकून घेतलं नाही. मॅडम लिहायला बसल्या. मोहिनी पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या तयारीनं समोर येऊन उभी राहिली. तेवढ्यात कुसाबाई आल्या. पदराला हात पुसले, मोहिनीला हलकेच बाजूला केलं आणि मॅडमच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या. साहेबलोकांपुढे खुर्चीत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, आधी माझं लिवा.

मॅडमनी समजावलं, की तक्रार मोहिनीची आहे, तुम्ही साक्षीदार आहात, तुमचं नंतर घेऊ.

कुसाबाई उठल्या नाहीत.

"ही पोरगी पाळण्यात होती तवापासून मी गप हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "सिनिऑरिटीनं माझा नंबर पहिला."