सहाशे फेकी

मास्तरांनी सातवीच्या वर्गासाठी सुताराकडून चाळीस लाकडी फासे करून घेतले आणि चौथ्याच दिवशी त्यातला एक आणून त्याच्या पुढ्यात आपटला.

"मिस्त्री, माल सदोष आहे. बारा वेळा फेकला, पाच वेळा सहा पडले. गणिताप्रमाणे दोनदा पडायला हवेत. सोमवारी मला संभाव्यता शिकवायची आहे. उद्या येऊन सगळे परत न्या."

परत! सुताराच्या हातून गेलेली वस्तू आजवर कधी परत आली नव्हती. आणि बारा फेकींत पारख करणारा हा दीडशहाणा! एकदा उघडून कुणी दार नापास करतं का?

"सहा बाजू, म्हणून प्रत्येकीला सहातला एक वाटा. हे झालं कागदावरचं," तो बायकोला म्हणाला. "फासा काय कागद वाचून पडतो? सहाशे वेळा टाकतो. शंभराच्या आसपास सहा पडले की नेऊन त्याच्या तोंडावर मारतो."

"आणि नाही पडले तर?"

"तू खडू घे."

ती फळीवर रेघा ओढू लागली. पहिल्या बारांत सहा एकदाही पडला नाही. सुतार खदाखदा हसला. "त्याला पाच, मला शून्य! एवढ्यावर निकाल देतो, आणि वर पोरांना शिकवतो!"

साठ फेकींत अकरा. "बघ, दहाच्या जवळ." पुढे दोनशे झाल्या, चारशे झाल्या, तसं त्याचं हसू मावळलं. सहाशेअखेर सहा एकशे एकतीस वेळा पडले होते आणि एक फक्त बहात्तर वेळा.

त्याने फासा उलटसुलट केला. ठिपक्यांसाठी त्याने जाड गिरमिटाने खोल भोकं पाडली होती. एका बाजूला सहा, समोरच्या बाजूला एकच. जिकडचं लाकूड जास्त गेलं ती बाजू हलकी, ती वर येणारच. एवढंही सुचू नये? चाळीसच्या चाळीस तसेच!

"शाळेत हे सांगू नका, गप्प बसा," बायको म्हणाली. "बारा फेकींचं त्याचं म्हणणं तुम्ही चुटकीसरशी खोडाल."

दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर हसतच पुढे आले. "मिस्त्री, नशीबवान आहात. दुसरा एक फासा बारा वेळा फेकला. सहा बरोबर दोनदा! राहू द्या सगळे."

मान हलवली की सुटला. पण या माणसाच्या शाबासकीवर? सुताराने हात पुढे केला.

"आणा ती फाशांची पिशवी."

"अहो, चांगले आहेत म्हणतोय ना मी!"

"सगळे वाकडे आहेत. चूक माझी. सहाशे वेळा टाकून बघितलंय. तुम्हाला पाचदा सहा पडले तेव्हाही कळलं नव्हतं, दोनदा पडले तेव्हाही नाही."

"मग सोमवारी वर्गात काय करू?"

सुताराने त्यातलाच एक वाकडा फासा टेबलावर ठेवला. "चाळीस पोरं आहेत ना? प्रत्येकाने पंधरा वेळा टाकायचा. मोजायलाही पोरांनाच बसवा. तुम्हाला धीर धरवत नाही."

आणि पिशवी खांद्याला लावून तो चालू लागला.