रेघबाबा आणि एकोणतीसचा पाढा

पहिल्या मजल्यावरच्या त्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. जिना चढून आलेली माणसं दारात चेंगरत होती आणि मंचावर माझे काका खिळल्यासारखे उभे होते. काका शिंपी. गेली काही वर्षं त्यांना कंपवात आहे. हात थरथरतात आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटून बसतात. रेघबाबा नावाच्या बुवानं मूठभर पांढरी पूड घेतली, पुटपुटत काकांपुढं पावला-पावलावर आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाला, "बांधलेली वाट सोडवली. ये."

काका एकेक रेघ ओलांडत तरण्या पोरासारखे आले. सगळं सभागृह उठून उभं राहिलं, काकू रडायला लागली. माझ्याही अंगावर काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला.

रेघबाबाची जीभ मग तेल घातलेल्या मशीनसारखी सुटली. डॉक्टर म्हणे नाडी बघतात, तो वाट बघतो. वाट बघतो की लावतो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. "गोळी आणि रेघ एका घरात नांदत नाहीत," तो म्हणाला. "गोळी टाका, रेघ धरा." काकूनं घरी पोचताच गोळ्यांची पाकिटं केरात टाकली.

मी डॉक्टर, पण पिकतं तिथं विकत नाही. गोळ्या अशा एकदम बंद करणं धोक्याचं असतं, हे मी ओरडून सांगितलं. काकूचा प्रश्न मात्र बिनतोड होता. हा माणूस जिना भराभर चढतो आणि सपाट दारात अडतो. रोग खरा असता, तर तो जिन्यावर रजा घेतो का? दारात कुणीतरी काहीतरी केलंय, अशी तिची पक्की खात्री होती.

त्यात त्याच आठवड्यात मला पुढच्या शिक्षणाची शाखा निवडायची होती. आई म्हणत होती, त्वचारोग घे, रात्री-अपरात्री कुणी उठवणार नाही. आमचे सर्जन सर म्हणायचे, मेंदूचे डॉक्टर रोगाचं लांबलचक नाव सांगतात आणि हात वर करतात. मला न्यूरोलॉजीच हवी होती आणि तिचीच भीती वाटत होती. जे बरं करता येत नाही, ते आयुष्यभर कसं बघत बसायचं?

इकडे काका लाकडासारखे ताठ होत गेले. पाण्याच्या घोटानंही ठसका लागू लागला. रेघबाबाचा माणूस येऊन श्रद्धा कमी पडली म्हणून सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ दोन खाटांमध्ये असेच अडकले. न्यूरोलॉजीच्या बाईंनी त्यांच्यापुढं आपला पाय आडवा ठेवला आणि तो ओलांडायला सांगितलं. म्हातारेबुवांनी तो ओलांडला आणि ते चालू लागले. मी बाईंना जवळजवळ धरूनच विचारलं, हे कसं? त्यांनी दोन मिनिटांत समजावलं. मी चिकटपट्टीचं भेंडोळं उचललं आणि थेट काकांचं घर गाठलं.

काका दारातच अडकलेले होते. मी त्यांच्यापुढं पांढऱ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या.

"मंत्र कोण म्हणणार?" काकूनं विचारलं.

"मी म्हणते," म्हटलं, आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

सत्त्याऐंशीपर्यंत पोचले, तोवर काका खोली ओलांडून खुर्चीपाशी गेले होते. काकूनं वाकून एक पट्टी बोटानं चाचपून पाहिली.

मग मी तिला सगळं सांगितलं. आपण चालतो ते न ठरवता, मेंदू आपोआप चालवतो. या रोगात ती आपोआपची वाट बिघडते. समोर रेघ दिसली की मेंदू डोळ्यांच्या वाटेनं ठरवून पाऊल टाकतो. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशीच एक रेघ असते. रेघबाबाचं सभागृह वरच्या मजल्यावर का, तेही आता उघड होतं. जिना चढून दारात अडणारा माणूस त्याची माणसं हेरून पुढं बसवायची. अर्धांगवायूनं लुळे पडलेल्या, उचलून आणलेल्या माणसांना पुढच्या सभेचा वायदा मिळायचा.

काका खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. "म्हणजे मी बरा होणार नाही," ते म्हणाले.

खोटं बोलायचा फार मोह झाला. "नाही काका," मी म्हटलं. "हा रोग जात नाही. पण गोळ्यांनी ताठलेलं अंग मोकळं होईल, पट्ट्यांनी पाय उचलेल. आणि पुढं काय होणार, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही."

काकांनी दारापासून खुर्चीपर्यंतच्या पट्ट्या एकेक करून मोजल्या.

"त्या रेघबाबानं मला पूर्ण बरं करायचं कबूल केलं होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि पाणी गिळायचंसुद्धा बंद केलं. लाव तुझ्या बाईंना फोन. गोळी कशी सुरू करायची, विचार."

मी फोन लावला. गोळीचं विचारून झाल्यावर, मी न्यूरोलॉजी घेतेय, हेही सांगून टाकलं.

तुमच्या गल्लीत कुणी रेघ ओढून माणूस चालवला, तर टाळ्या वाजवण्याआधी तीच रेघ स्वतः ओढून बघा. मंत्राऐवजी पाढा म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. माणूस चालला, तर त्याला डॉक्टरकडे न्या. आणि कुणी त्याची गोळी केरात टाकू लागला, तर आधी तो हात धरा.