वटवाघळांचं किट

शेवटचं पार्सल रवाना झाल्यावर वीत्स्केनं टेबलाखालचं खोकं ओढून उघडलं. आत मसुराएवढे मायक्रोफोन होते, चारशेच्या चारशे. वटवाघळांचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची, सुटे भाग घरी जोडायची चारशे किट घरोघरी निघाली होती आणि एकालाही कान नव्हता.

"आत्ताच सगळ्यांना कळवते."

"वेडी आहेस का?" तिचा भाऊ डाउवे चीज-पाव चावत म्हणाला. "पहिली तक्रार येऊ दे, मग बघू."

इंटरनेटवर लोकवर्गणी काढायची कल्पना त्याचीच. वीत्स्केला पन्नासेक जणांची आगाऊ नोंदणी पुरली असती. फक्त ते स्वतः सोल्डरिंगचे डाग देऊन यंत्र जोडणारे हवे होते. पण डाउवेनं झकास व्हिडिओ केला, डब्यावर सोनेरी वटवाघूळ छापलं आणि लोक भाळले.

भावाचं ऐकून तिनं कोणाला कळवलं नाही, पण धास्तावून रोज मेल उघडायची. 'डबा काय देखणा आहे!' 'शेल्फवर शोभून दिसतो.' पाच-पाच तारे. एकानं तर विचारलं, पुढची आवृत्ती कधी?

उन्हाळा सरत आला. कालव्यावर खरी वटवाघळं घिरट्या घालून गेली.

"बघ, एक तक्रार नाही!" डाउवे म्हणाला.

"तेच तर," वीत्स्के म्हणाली. आता तिला तक्रार हवीच होती.

सप्टेंबरात ती आली. आसन गावच्या हार्मेन नावाच्या निवृत्त शिक्षकांनी लिहिलं होतं: 'बाई, मायक्रोफोन टाकायला विसरलात. मी माझ्याकडचा बसवला. शिवाय जोडणीच्या पत्रकातली चौथी आकृती उलटी छापली आहे. असलं काम मी नववीतल्या पोराचंही चालवून घेतलं नसतं. वटवाघळं मात्र छान ऐकू येतात.'

"म्हातारा अक्कल काढतोय तुझी!"

"काढू दे. त्यानं डबा उघडलाय, डाउवे."

त्या आठवड्यात तिनं उरलेल्या सगळ्यांना माफीच्या चिठ्ठीसह मायक्रोफोन पाठवले. उत्तरं आली: 'वा, वर भेटही!' काहींनी तो पाकिटासकट डब्याशेजारी मांडल्याचे फोटो धाडले.

मग तिनं नव्या किटसाठी आगाऊ नोंदणी उघडली. साधी खाकी पिशवी, सोनेरी काही नाही. एकोणीस नावं आली.

"एकोणीस!" डाउवेनं कपाळावर हात मारला. "आणि पैसे?"

"अठरा जणांनी भरलेत. हार्मेनना नातीसाठी एक हवंय, पण चौथी आकृती सुलटी झाल्याशिवाय ते एक युरो देणार नाहीत म्हणे."

वीत्स्केनं पेन्सिलीला टोक काढलं आणि आकृती पहिल्यापासून काढायला घेतली.