बारचं वजन

"माणसाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे वजन कमी करण्याचा इतिहास!" सकाळी सात वाजता नवऱ्याने जाहीर केलं. त्या वेळी त्याचं स्वतःचं वजन शहाण्णव किलो होतं आणि खालचं स्टूल कुरकुरत होतं.

बायको बूट चढवून दारात उभी होती. झाडं तोडण्याचा धंदा तिचा. बावीस वर्षं करवतीचं यंत्र पेलून तिच्या उजव्या खांद्याने अलीकडे असहकार पुकारला होता. आज नऊच्या आत शाळेच्या छपरावर कललेलं झाड उतरवायचं, असा तिने शब्द दिला होता. आणि यंत्राचा लांब बार, म्हणजे ज्याच्याभोवती साखळी फिरते ते पोलादी पातं, जेवणाच्या टेबलावर शिकंज्यात आवळलेला होता.

"अहो, हे काय?"

"भोकं. अकरा. तुझा खांदा दुखतो ना? एकशे ऐंशी ग्रॅम उडवले!"

लोखंडाचा कीस त्याने पुराव्यादाखल वाटीत जपून ठेवला होता. वाटी दह्याची होती.

हीच तर पंचाईत होती. नवरा आळशी असता तर बोलायची सोय होती. हा कामसू होता, वर प्रेमळ.

"आणि या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्या?"

"भोकांमुळे बार वाकायला लागला. म्हणून रिव्हेट मारून मजबुती दिली."

तिने बार सोडवून भाजीच्या काट्यावर ठेवला. "आधी किती होता?"

"एक किलो सहाशे वीस."

"आता एक किलो सातशे आहे."

"भाजीच्या काट्याला यंत्रातलं काय कळतंय!"

"आणि साखळी पाडते त्या चिरेपेक्षा हा जाड झालाय. लाकडात शिरणार कसा? विनंती अर्ज देऊन?"

"तेवढं पुढच्या टप्प्यात."

ती मागच्या खोलीत गेली. जुना आखूड बार आणि त्याची साखळी घेऊन आली. आता बुंधा दोन्हीकडून कापावा लागणार, तासाचं काम तीन तासांवर जाणार. जाता जाता तिने तोही बार काट्यावर टेकवला.

"नऊशे. एकही भोक न पाडता."

"असेल. पण त्यात संशोधन कुठे आहे?"

तिने बार बसवला, नट आवळले, यंत्र उचललं. खांदा नेहमीइतका ओरडला नाही. हे मात्र तिने मरेपर्यंत सांगितलं नसतं.

"अगं, ऐक ना," मागून मऊ आवाज आला.

ती थांबली. चला, निदान चुकलं म्हणतोय.

"जाताना हे ड्रिल मशीन तेवढं माळ्यावर ठेवून जा. फार जड आहे गं, माझा खांदा भरून आलाय."